एका पालेभाजीचं गाणं आणि एक खोटी बातमी

इंडोनेशियात एका पालेभाजीच्या गाण्यावर अनेक दशकं बंदी होती. थट्टा नाही, खरंच. आम्हा बातम्या लिहिणाऱ्यांनी तर ही गोष्ट जरूर वाचावी.

गेंजेर ही भातखाचरातल्या पाण्यात आपोआप उगवणारी वनस्पती. जावा बेटाच्या पूर्व टोकाला, बान्युवांगी भागात, गोरगरीब तिची भाजी करून खायचे. १९४२ साली जपानी सैन्य आलं आणि खायचे वांधे झाले. त्याच काळात मुहम्मद आरिफ या तिथल्याच संगीतकाराने 'गेंजेर-गेंजेर' रचलं. भाजी खुडायची, बाजारात न्यायची, शिजवून भाताबरोबर खायची, एवढाच विषय. साठच्या दशकात बिंग स्लामेत आणि लिलिस सुर्यानी या नामवंत गायकांनी ते गायलं आणि गाणं देशभर गाजलं. कम्युनिस्टांच्या कार्यक्रमांतही ते असायचंच.

३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री सहा जनरल आणि एक लेफ्टनंट यांना मारून प्रेतं जकार्ताजवळच्या लुबांग बुआया इथल्या विहिरीत टाकली गेली. लष्कराने ठपका कम्युनिस्टांवर ठेवला. लगेच लष्कराच्या वर्तमानपत्रांत छापून आलं की जनरलांचे डोळे काढले, अवयव कापले. डाव्या महिला संघटनेच्या बायका म्हणे तेव्हा नाचत होत्या आणि हेच गाणं म्हणत होत्या!

आता गंमत बघा. प्रेतांचं शवविच्छेदन सुहार्तोंच्याच आदेशाने झालं होतं. डॉक्टरांना गोळ्यांच्या आणि माराच्या जखमा आढळल्या. डोळे काढल्याचं, अवयव कापल्याचं काही नाही. तो अहवाल दाबला गेला. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८७ मध्ये तो जगापुढे आणला. तोवर २२ वर्षं उलटली होती.

मधल्या काळात काय झालं? १९६५-६६ मध्ये किमान पाच लाख माणसं मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आरिफही घरी परतले नाहीत. १९८४ साली सरकारने त्या रात्रीवर सिनेमा काढला आणि सुहार्तोंची सत्ता जाईपर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, तो दरवर्षी टीव्हीवर दाखवला. खोटी बातमी मुलांना इतिहास म्हणून पाठ झाली.

म्हणून सांगतो, अंगावर काटा आणणारा तपशील घेऊन एखादा मेसेज आला, तर पुढे ढकलण्याआधी एकच विचारा: पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट काय म्हणतो? छापणाऱ्यांनी तर आधी विचारावं.