मियाझाकींच्या जंगलात माणसाचा हात

हायाओ मियाझाकी म्हणजे निसर्गाचे प्रेषित. त्यांच्या चित्रपटांत झाड सज्जन आणि यंत्र दुर्जन. हा पूर्वपक्ष इतका रुळला आहे की त्याला कुणी पुरावाच मागत नाही.

समजुतीचे मूळ 1984 च्या 'नाउसिका'त सापडते. माणसाने नासवलेली माती आणि पाणी तिथले विषारी जंगल शुद्ध करत असते. पण तो चित्रपट आला तेव्हा मियाझाकींची त्याच नावाची चित्रकथा निम्मीही झाली नव्हती. ती संपली 1994 मध्ये. तिच्या अखेरीस नाउसिकाला कळते, की हे जंगलच प्राचीन माणसांनी शुद्धीकरणासाठी घडवलेले आहे आणि शुद्ध झालेल्या हवेत आजची माणसे जगूच शकणार नाहीत. तो सारा आराखडा ती उद्ध्वस्त करते. निसर्गाची नुसती आरती ओवाळणारा लेखक असा शेवट करणार नाही.

'प्रिन्सेस मोनोनोके'मधली (1997) एबोशी जंगल तोडते, वनदेवतेचे शिर उडवते. खलनायिका ठरायला एवढे पुरे. पण तिच्या लोखंडाच्या भट्टीत शिरून पाहा. वेश्यागृहांतून सोडवून आणलेल्या बायका पाळीपाळीने भलाथोरला भाता पायांनी दाबताहेत, पुरुषांना टोमणे मारताहेत. पलीकडे कुष्ठरोगी बंदुका घडवतात. त्यांतला एक, अंगभर पट्ट्या गुंडाळलेला, चित्रपटाचा नायक आशिताका याला विनवतो, की हिला मारू नका. आमच्या सडक्या अंगाला हात लावून जखमा धुतल्या त्या हिनेच. भट्टी विझली तर ही माणसे जाणार कुठे? मियाझाकी या प्रश्नाला बगल देत नाहीत. शेवटी जंगलाच्या बाजूने लढणारी सान जंगलात परतते, आशिताका मात्र भट्टीच्या वस्तीत राहतो. एबोशी एक हात गमावते, पण जगते, आणि वस्ती नव्याने उभारायचे म्हणते.

'टोटोरो'चे काय, असा आक्षेप येईल. तिथला परिसरही अस्पर्श अरण्य नव्हे. भातशेतीला लागून असलेली, शेतकऱ्यांच्या वावराची ती राने आहेत. जपानी लोक त्यांना 'सातोयामा' म्हणतात.

आता यंत्राकडे वळू. मियाझाकींचे वडील ज्या घरच्या कारखान्यात संचालक होते, तिथे युद्धकाळात 'झिरो' या लढाऊ विमानांचे भाग बनत. 'जिब्ली' हे त्यांच्या स्टुडिओचे नावही एका इटालियन विमानावरून घेतलेले. 2013 च्या 'द विंड रायझेस'चा नायक झिरोचा रचनाकार जिरो होरिकोशी आहे, आणि त्या विमानांतले एकही परतले नाही हे तो स्वतः बोलून दाखवतो. त्याच चित्रपटात इंजिनांचे आवाज माणसांनी तोंडाने काढलेले आहेत. यंत्रात माणसाचा श्वास घालावासा ज्याला वाटतो, त्याला यंत्राचा वैरी म्हणायला माझी जीभ धजत नाही.