तळणीच्या माळावरचा वर्णपट

नागपूरहून बडनेऱ्याकडे जाताना पुलगाव मागे पडते, वर्धा नदी ओलांडली की तळणी नावाचे लहानसे स्टेशन येते. संघटनेच्या कामासाठी त्या वाटेने मी शेकडो वेळा गेलो. पण ताऱ्यांच्या शास्त्राशी त्या गावाचे नाते आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर समजले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून जेऊरमार्गे वऱ्हाडात आली. पुलगावी नेवॉल व कॅप्टन हिल्स हे वर्णपटाची यंत्रे लावून बसले होते. तळणीस हौशी ज्योतिर्विदांची छावणी होती. मॉन्डर पतिपत्नी तीत होती आणि जॉन एव्हरशेडही. नुकताच मध्यप्रांताने भीषण दुष्काळ सोसला होता. त्या छावणीची ओझी वाहणारे हात कोणाचे, हे विचारण्याची मला खोड आहे. ते इथल्याच माणसांचे असणार. असो.

एव्हरशेड तेव्हा तेहेतीस वर्षांचे, नोकरी करून फावल्या वेळात सूर्य पाहणारे गृहस्थ. माझ्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्याला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी लोलक लावलेल्या कॅमेऱ्याने सूर्याच्या कडेवरील ज्वालांचे वर्णपट टिपले.

हायड्रोजनच्या रेषा जांभळ्या टोकाकडे दाटत जातात आणि ३६४६ अँगस्ट्रॉमपाशी संपतात. तिथून पुढे जंबुपार भाग. एव्हरशेड यांच्या काचेवर रेषा संपल्या तरी पुढे अखंड फिकट पट्टा दिसत होता! मोकळा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकाला येऊन मिळतो तेव्हा हा प्रकाश बाहेर पडतो. पण हा उलगडा व्हायला १९१३ चा बोरचा अणुसिद्धांत यावा लागला. ताऱ्यांत याच्या उलट घडते. अभिजितसारख्या ताऱ्यात त्याच जागी प्रकाश एकदम खाली उतरतो, जणू जिन्याची पायरी. सुमारे १०,००० अंशांच्या ताऱ्यात ही पायरी सर्वांत उंच. त्याहून तप्त ताऱ्यांत हायड्रोजनचे अणू बहुतेक फुटलेले असतात (हे गणित मेघनाद साहांनी १९२० साली मांडले), म्हणून पायरी खुजी होते. दिसणाऱ्या रंगावरून तप्त ताऱ्यांत फारसा भेद करता येत नाही. पायरीची उंची मोजली की तो करता येतो. फ्रान्समध्ये बार्बिये व शालोंज यांनी याच मापावर ताऱ्यांचे वर्गीकरण उभारले.

पण ३००० अँगस्ट्रॉमच्या खाली वातावरणातील ओझोन वाट अडवतो, आणि तप्त ताऱ्यांचा बहुतांश प्रकाश तर तिकडेच. साहांनी १९३७ सालीच वातावरणाच्या वरच्या थरात वेधशाळा नेण्याची सूचना केली होती. १९७८ ते १९९६ या काळात आंतरराष्ट्रीय जंबुपार उपग्रहाने ते काम केले. सिलिकॉनच्या १४०० व कार्बनच्या १५५० अँगस्ट्रॉमजवळील रेषांवरून तप्त ताऱ्यांच्या श्रेणी लावल्या गेल्या. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा ॲस्ट्रोसॅट वर गेला. त्यावरील जंबुपार दुर्बीण बंगळूरच्या संस्थेने सिद्ध केली, तीत पुण्याच्या आयुकाचाही हातभार आहे.

एव्हरशेड १९०७ साली नोकरीनिमित्त कोडाईकनालला आले आणि १९५६ साली वारले. पृथ्वीबाहेरून घेतलेला ताऱ्याचा जंबुपार वर्णपट त्यांनी कधी पाहिला नाही.