बार्शीची नोंदवही

मागच्या मासिक बैठकीत गटातल्या एका ताईंनी पिशवी सतरंजीवर उलटी केली. सासऱ्यांच्या आजारपणाचे कागद होते. आधी क्षय म्हणून गोळ्या झाल्या, मग शहरात फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तिथं विचारलं, क्षयाचं औषध किती महिने घेतलं? पहिला एक्स-रे कधीचा? निम्मे कागद पावसात भिजून गेलेले. तेव्हापासून आम्ही या नोंदींचा इतिहास विचारत सुटलो.

देशातली पहिली कॅन्सर नोंदवही 1963 साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली. पण ती शहराची. खेड्यातली बाई दवाखान्याची पायरी न चढताच जायची. तिला कोण लिहिणार?

ते काम 1987 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झालं, तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयातून. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली 346 गावं. दवाखान्यात बसून भागणार नव्हतं, म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. लक्षणं समजावली, विचारपूस केली, संशय आला त्यांना तपासणीला आणलं. आपली गटाची वही असते तशीच ही वही, फक्त हप्त्याऐवजी आजार लिहायचा, आणि पुढं माणसाचं काय झालं तेही.

या वहीमुळं कळलं, की तिकडं तेव्हा बायांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त होत होता. मग 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 बायांचा अभ्यास झाला. 2009 साली निकाल आला: ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे मृत्यू मोजता आले ते नोंदी होत्या म्हणूनच. एका गटाला मात्र तपासणी न देता नुसतं तुलनेसाठी ठेवलं होतं. त्या बायांचं काय, हे आम्हाला टोचतंच.

फुप्फुसाचंही तसंच. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 489 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर निम्म्याच्या आसपास माणसांनी कधी विडी-सिगारेट ओढलेलीच नव्हती. कागद चाळले नसते, तर विडीवरच सगळं ढकलून मोकळे झालो असतो. पण कोणाला कोणतं औषध, किती उशिरा मिळालं, कोणी उपचार अर्ध्यावर सोडले, हे कळायला आधीच्या दवाखान्याचा कागद पुढच्या दवाखान्यापर्यंत पोचावा लागतो.

त्या दिवशी ताईंच्या उरलेल्या कागदांवरच्या तारखा आम्ही एका वहीत ओळीनं उतरवून दिल्या. मधल्या तीन महिन्यांची जागा कोरी राहिली.