पुन्हा प्राध्यापक

स्मरणिकेसाठी जो फॉर्म आला त्यात ‘सध्याचे पद’ असा रकाना होता. तो मी दोन दिवस रिकामा ठेवला. सात वर्षं मॅनेजर होते. गेल्या वर्षी स्वतःहून मागून पुन्हा प्रोग्रामर झाले. दिवसभर मीटिंगा आणि अप्रेझल, कोडची एक ओळ नाही, याचा कंटाळा आला होता. पण आईसकट सगळ्यांनी विचारलं, “काही झालं का गं?”

संपादक मंडळाने इतिहासावर लिही म्हटलं, म्हणून रवी मथाईंबद्दल लिहिते. मॅनेजर झाल्यावर कंपनीने मला अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. कोण हे, म्हणून वाचायला लागले.

ही संस्था 1961 च्या डिसेंबरात स्थापन झाली. पहिली काही वर्षं विक्रम साराभाईंनी आपले इतर व्याप सांभाळून मानद संचालक म्हणून तिचं काम पाहिलं. 1965 मध्ये मथाई पहिले पूर्णवेळ संचालक झाले. वय 38. ऑक्सफर्डची बी.ए., कलकत्त्यात कंपनीतली नोकरी, मग तिथल्याच आयआयएममध्ये प्राध्यापकी, एवढीच शिदोरी. पीएच.डी. नाही. आज अशा माणसाचा अर्ज छाननीतच बाद होईल!

लुई कानच्या लाल विटांच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्याच काळात मथाई संस्थेच्या रीती बसवत होते. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे प्राध्यापकांनी एकत्र बसून ठरवायचं, संचालकाने हुकूम सोडायचा नाही. सरकारी पैशावर चालणारी संस्था असूनही मंत्रालयाने रोजच्या कारभारात हात घालू नये, यासाठी ते ठाम राहिले. संचालकपद ही त्यांच्या मते काही काळ पार पाडायची जबाबदारी होती, बढतीची शेवटची पायरी नव्हे.

आणि 1972 मध्ये ते खरोखरच उठले. कुणी काढलं नव्हतं, दुसरीकडे मोठं पद मिळालं नव्हतं. त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले आणि काल त्यांच्या हाताखाली असलेले सॅम्युअल पॉल संचालक झाले. (घरातही हे वळण होतं. वडील जॉन मथाई यांनी नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांवरून 1950 मध्ये देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं होतं. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.)

खुर्ची सोडल्यानंतरचं काम मला जास्त आवडतं. 1975 च्या सुमारास मथाई राजस्थानात अजमेरजवळच्या जवाजा या दुष्काळी भागात गेले. इथे विकास करण्याजोगं साधन काहीच नाही, असं सरकारी मत होतं. मथाई म्हणाले, माणसं आहेत ना. विणकर होते, चामड्याचं काम करणारे होते. दोघंही जातीच्या उतरंडीत तळाला, सावकार आणि व्यापाऱ्यांवर अवलंबून. मथाईंनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या अशोक चटर्जींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सोबत घेतलं. शहरात खपतील अशा सतरंज्या आणि पिशव्या तयार होऊ लागल्या. पण हिशेब, खरेदी, गिऱ्हाइकाशी बोलणं हे कारागिरांनी स्वतः शिकायचं आणि बाहेरच्यांनी हळूहळू निघून जायचं, हा खरा बेत होता. तो सरळ पार पडला नाही. अडचणी, भांडणं, सगळं झालं. तरी कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली. 1984 मध्ये मथाई गेले.

संचालकपद सोडलं तेव्हा ते 45 वर्षांचे होते. आपल्या 1996 च्या दहावीच्या बॅचचं आजचं वय साधारण तेच.

रकाना मी शेवटी भरला आहे. प्रूफ तपासणाऱ्यांनी त्यात प्रेमाने ‘माजी मॅनेजर’ अशी भर घालू नये, ही विनंती.