रिमफायर रायफल आणि स्वसंरक्षणाचा विमा

इ.स. १८४५ च्या सुमारास पॅरिसमधील बंदूककार फ्लोबेर याने स्फोटक टोपीलाच एक छोटी गोळी बसवली. दिवाणखान्यात निशाणेबाजीचा खेळ खेळता यावा, एवढाच त्याचा हेतू. रिमफायर काडतुसाचे मूळ या करमणुकीत आहे. यात ठिणगी देणारे स्फोटक काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. आघाताने कडा चेपली की बार उडतो. कडा चेपायची तर पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्रा फार दाब सोसत नाही. म्हणून ही जात लहान आणि स्वस्तच राहिली.

अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १८५७ साली .२२ शॉर्ट आणले. यादवी युद्धातील हेन्री रायफल .४४ रिमफायर काडतुसावर चाले. पुढे मोठ्या बंदुका सेंटरफायरकडे वळल्या. १८८७ साली मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन्स कंपनीचे .२२ लाँग रायफल आले आणि ते आजतागायत टिकले. (एनसीसीच्या छात्रांना ‘पॉइंट टू-टू’ परिचित आहेच.) खारी, ससे, रिकामे डबे: अमेरिकी शेतघरातील मुलाची पहिली रायफल बहुधा हीच.

तिला खेळणे समजणे मात्र धोक्याचे. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांना लागलेली गोळी .२२ चीच होती. ती हृदयापासून जेमतेम इंचभर अंतरावर थांबली. माणसावर झाडलेली गोळी, मग ती कितीही लहान असो, कायद्याच्या दृष्टीने प्राणघातक बळच ठरते. आणि ते वापरणाऱ्याला जाब द्यावा लागतो.

हा जाब किती महाग पडतो हे बिअर्ड खटल्यात दिसते. या शेतकऱ्याचा एका गाईवरून जोन्स बंधूंशी वाद झाला. एक भाऊ खिशाकडे हात नेत अंगावर येताच बिअर्डने हातातील शॉटगन (रिमफायर नव्हे) त्याच्या डोक्यात हाणली, तो दगावला. घराच्या भिंतींबाहेर माघार घेणे बंधनकारक आहे, असे न्यायाधीश पार्कर यांनी ज्यूरीला सांगितले आणि बिअर्ड दोषी ठरला. १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली: आगळीक न करणाऱ्याने स्वतःच्या आवारातून पळण्याचे कारण नाही. तत्त्व बिअर्डच्या बाजूचे निघाले, पण ते सिद्ध व्हायला वॉशिंग्टनपर्यंत जावे लागले.

या वकिली खर्चासाठीच पुढे स्वसंरक्षण विमा निघाला. त्यातील पेच मूलभूत आहे. विमा अपघाताचा असतो. हेतुपुरस्सर कृत्याचा नव्हे. स्वसंरक्षणाचा बचाव घेणारा तर म्हणतो, ‘मी जाणूनबुजून वार केला, पण तो न्याय्य होता.’ नॅशनल रायफल असोसिएशनने २०१७ साली ‘कॅरी गार्ड’ आणले, तेव्हा न्यूयॉर्कच्या नियामकांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. २०१८ साली दलाल कंपनी लॉकटनला ७० लाख आणि विमा कंपनी चबला १३ लाख डॉलर दंड भरावा लागला. विरोधकांनी त्याला ‘खुनाचा विमा’ म्हटले. पण निर्दोष माणसालाही वकील फुकट मिळत नाही, हे त्या शब्दाआड झाकले जाते.

असोसिएशनचा नियामकांविरुद्धचा दावा २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात एकमताने पुढे सरकला, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रश्नावर. तोवर कॅरी गार्ड बंद पडले होते. तशा अन्य योजना मात्र आजही विकल्या जातात. वर्षाचा हप्ता भरण्यापूर्वी .२२ च्या मालकाला त्यांतील एक कलम पाहावे लागते: पैसे खटला चालू असताना मिळणार, की निर्दोष सुटल्यानंतर?