साथीची उधारी

रोगाची साथ माणसे नेते, हे सर्वांना दिसते. पण ती ओसरल्यावर लहान मुलांच्या ताटातून आणि दप्तरातून ती काय काय नेत राहते, ह्याची नोंद इतिहासकारांनी फारशी ठेवलेली नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांच्या खडखडाटाने ओळखले जाणारे गाव. मार्च २०२० मध्ये तो खडखडाट थांबला. त्यानंतर दारिद्र्य ज्या वाटेने मुलांपर्यंत पोहोचले ती वाट मात्र नवी नव्हती. ह्याच प्रदेशाने ती त्यापूर्वी दोनदा पाहिली होती.

पहिली वेळ प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्या गोमंतकीय कॅथॉलिक डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. वांद्रे परिसरात त्या काळी भाविकांनी उभारलेले क्रूस आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. जे गावी पळाले त्यांची मजुरी बुडाली, आणि गावात तर त्याच वर्षी दुष्काळ होता. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, त्या प्लेग झालेल्या एका मुलाला उपचारासाठी नेताना स्वतःला लागण झाल्यामुळे. तेवढे एक मूल इतिहासात राहिले. बाकीची हजारो कोठे गेली, कोणी लिहून ठेवले नाही.

दुसरी वेळ १९१८ ची, आणि तिच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. मानमोडीचा ताप म्हणून जुनी माणसे जिची आठवण सांगत, ती इन्फ्लुएंझाची साथ जूनमध्ये मुंबईत शिरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने उग्र रूप धारण केले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, महायुद्धामुळे धान्य आणि कापड दोन्ही महागली होती. देशात सव्वा कोटीहून अधिक माणसे दगावली असे अंदाज आहेत. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. मुंबई शहरातील मृत्यूंचे आकडे समाजवार उपलब्ध आहेत. दर हजारी युरोपियन ८.३, देशी ख्रिस्ती १८.४, आणि तेव्हा ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांच्यात ६१.६. म्हणजे रोग एकच, पण घर कोणते ह्यावर मरण ठरत होते.

ह्या साथीचे एक वैशिष्ट्य मुलांच्या दृष्टीने फार क्रूर होते. तिने प्रामुख्याने वीस ते चाळीस वयाची माणसे नेली, आणि त्यांत स्त्रिया अधिक. मिळवता हात आणि रांधता हात असे दोन्ही घरातून एकाच पंधरवड्यात उठले. मागे राहिलेल्या मुलाला कायद्याचा कितीसा आधार होता? १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला होता, १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत मुलांचे काम दिवसाला सहा तासांवर आणले होते. म्हणजे १९१८ च्या त्या ऑक्टोबरात नऊ-दहा वर्षांचे पोरके पोर गिरणीत जाणे हे अगदी कायदेशीर होते. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. त्या संपाचा उल्लेख पुस्तकांत येतो. पण तो साथीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी झाला, हे क्वचितच सांगितले जाते. कामाला लावण्याची वयोमर्यादा बारा वर्षांवर नेणारा कायदा १९२२ मध्ये आला.

आता भिवंडीकडे येऊ. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे बरेचसे विणकाम येथे आले, आणि माग चालवायला उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून कामगार आले. त्यांतील अनेक एकटेच राहतात. भिशीत जेवतात आणि पैसे गावी पाठवतात. मजुरी कापडाच्या मापावर. माग बंद तर मजुरी बंद. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली तेव्हा माग आणि भिशी दोन्हींना एकाच वेळी कुलूप लागले. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकावरून कामगारांची विशेष गाडी गोरखपूरकडे सुटली. आपण वाहिन्यांवर त्या गाडीतील थकलेले चेहरे पाहिले. पण त्या मजुरीवर ज्यांची शाळेची फी आणि दूध अवलंबून होते ती मुले आपल्याला दिसली नाहीत, कारण ती दीड हजार किलोमीटरवर होती. भिवंडीतील बालदारिद्र्य मोजायचे तर निम्मे मोजमाप परप्रांतातील खेड्यांत जाऊन करावे लागेल.

तालुक्याच्या वीटभट्ट्यांवरचा हिशेब वेगळा. कातकरी कुटुंबे पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास उचल घेतात आणि उन्हाळा संपेपर्यंत विटा पाडून ती फेडतात. मुले भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे झोपडीत, राहतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित ह्यांच्या विधायक संसदेने अशा मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या, त्या उगाच नव्हे. हंगाम मार्चमध्येच तुटला की उचल फिटत नाही. बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि एक जास्तीचा हात लागतो. तो बहुधा दहा-बारा वर्षांचा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात कातकरी मुले थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघडकीस आले. त्याचे सारे खापर साथीवर फोडणे बरोबर नाही. पण देण्याघेण्याची रीत तीच.

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोरोनाने आई आणि वडील दोघेही गमावलेल्या बालकाच्या नावे पाच लाख रुपये ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने जून २०२१ मध्ये घेतला. केंद्राने वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख देण्याची योजना आणली. हे १९१८ च्या अनाथाला स्वप्नातही मिळाले नसते. तरीही वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. कोरोनाने सहसा म्हातारी माणसे नेली. बहुसंख्य गरीब मुलांचे बाप जिवंत होते, फक्त बेकार होते. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून योजना नाही. शिधावाटप झाले, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणाच्या खाती जमा झाली नाही.

२०२० च्या आरंभी जगात १६ कोटी मुले बालमजुरीत होती आणि दोन दशकांत प्रथमच ही संख्या वाढली होती, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व युनिसेफ ह्यांनी २०२१ मध्ये सांगितले. साथीमुळे ती आणखी फुगेल अशी त्यांची भीती होती. ती जागतिक पातळीवर खरी ठरली नाही: २०२४ चा आकडा १३ कोटी ८० लाख आहे. समाधानाची बाब खरीच. परंतु जगाची सरासरी भिवंडीतल्या एका खोलीत फारशी उपयोगी पडत नाही. शिवाय आपल्या देशाच्या २०१६ च्या दुरुस्तीने शाळा सुटल्यावर घरच्या उद्योगात मदत करण्याची मुभा चौदा वर्षांखालील मुलांना आहे. घरात बसून कांड्या भरणारे मूल कोणाच्या गणतीत येणार?

शहरी भागांतील प्राथमिक वर्ग उघडण्यास राज्य शासनाने १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी दिली. जानेवारीत ते पुन्हा काही दिवस बंद झाले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल अशा रीतीने वर्गात प्रथम बसले ते दुसरीत असताना, आणि तेही वर्ष अर्धे सरल्यावर. ज्या घरात मोबाईल एकच आणि तो बापाच्या खिशात, तेथे मधल्या काळात अक्षरओळख झाली नाही. हे मूल २०२८ मध्ये आठवी ओलांडील. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे संरक्षण तेथे संपते, आणि चौदा पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक न ठरविलेल्या कोणत्याही कामावर ठेवता येते.