अप्राप्य ग्रंथ, अप्राप्य आज्ञावली

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात संगणकाच्या आज्ञावलींवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही जुन्या सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या लेखाचे कारण आपल्याच कपाटात सापडले. पंचवीस वर्षांपूर्वी आपण अमृतमहोत्सवी स्मरणिका काढली, तेव्हा भोपाळातील वृद्ध मराठी सभासदांकडून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपुराहून उठली आणि नव्या मध्यप्रदेशाची भोपाळास आली. त्या वेळी सरकारी फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांच्या तोंडच्या त्या हकीकती होत्या. जागेअभावी स्मरणिकेत त्यांचा जेमतेम तिसरा हिस्सा छापला गेला. उरलेला मजकूर अक्षरजुळणी होऊन चार फ्लॉप्यांवर तसाच राहिला. मूळ हस्तलिखिते परत आणण्याचे राहून गेले, आणि लिहिणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही.

शताब्दीच्या निमित्ताने त्या फ्लॉप्या बाहेर काढल्या. त्या वाचणारे यंत्र मिळवण्यातच दोन महिने गेले. चारपैकी तीन वाचता आल्या. पण पडद्यावर जे उमटले ते मराठी नव्हते. रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांची ती खिचडी होती. याचे कारण थोडक्यात असे. आज आपण वापरतो त्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. आपल्याकडे १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हे मानक जाहीर केले होते खरे, पण छपाईच्या व्यवसायात प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते: कोठे अर्धा ‘क’, कोठे काना, कोठे रफार. एका कंपनीच्या फाँटमध्ये जेथे ‘म’ होता, तेथे दुसरीच्या फाँटमध्ये भलतेच काही असे. त्यामुळे तो फाँट आणि ती आज्ञावली हाताशी नसेल, तर मजकूर असून नसल्यासारखाच.

ती आज्ञावली आता कोणी विकत नाही. ती करणाऱ्या कंपनीचा व्यवसाय कधीच बंद झाला आहे. महाराणा प्रताप नगरातील आपला अक्षरजुळणीकारही राहिला नाही. पण त्याच्या कुटुंबीयांनी माळ्यावरची एक पेटी काढून दिली. पेटीत त्याने रीतसर विकत घेतलेल्या मूळ फ्लॉप्या होत्या आणि प्रिंटरच्या जोडणीत खोवायचे ते छोटे कुलूप, म्हणजे डोंगल, होते. कुलूप मात्र निकामी झाले होते आणि त्यावाचून आज्ञावली चालू होत नव्हती. तेव्हा आपल्याकडे येणाऱ्या एका तरुण अभ्यासकाने सांगितले की याच आज्ञावलीची कुलूप तोडलेली प्रत अर्ध्या तासात उतरवून घेता येईल. प्रश्न कार्यकारिणीपुढे आला आणि तेथे सरळ दोन तट पडले. आमच्या कोषाध्यक्षांनी विचारले, “दुकान बंद झाले म्हणून आतला माल उचलायचा काय?” या प्रश्नाने मला जुने कागद चाळायला लावले.

प्रत करणे हे आपल्याकडे शतकानुशतके पुण्यकर्म होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. बोरू, शाई, कागद, ओळी आणि सभोवती सोडायची कोरी जागा यांचा विचार समर्थांनी त्यात केला आहे. पोथीच्या अखेरीस लेखक विनवणी करतो ती तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून पोथी राखण्याची. नकलेपासून राखा, असे तो म्हणत नाही. याच दासबोधाचे आणि पुढे लोकमान्यांच्या गीतारहस्याचे हिंदी भाषांतर करणारे माधवराव सप्रे आपल्या मध्यप्रदेशातले. भोपाळात १९८४ साली त्यांच्या नावाने समाचारपत्र संग्रहालय स्थापन झाले. तेथे जी बंद पडलेली नियतकालिके जपली जातात, त्यांतील कित्येकांचे मालक व छापखाने यांचा मागमूसही उरलेला नाही. तरी त्या जपणुकीला आजवर कोणी चोरी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

छापखाना आला तशी प्रतीवर मालकी आली, आणि ते योग्यच झाले. लेखकाने व प्रकाशकाने काय खावे, हा प्रश्न खोटा नव्हे. आपल्याकडे या विषयावर १८४७, १९१४ आणि १९५७ असे कायदे झाले. पैकी १९५७ च्या कायद्यातील एक बारीकसे कलम प्रत्येक ग्रंथपालाने पाठ करावे असे आहे. बावन्नाव्या कलमातील या तरतुदीनुसार, जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात ‘अव्यापारी’ हा शब्द घातला, एवढाच फरक. हेच कलम मला सर्वांत मार्मिक वाटते. पुस्तक बाजारातून उठले म्हणून ते बेवारस झाले, असे कायदा म्हणत नाही. मालकी होती तेथेच राहते. पण ज्याने विकणे थांबवले त्याची विक्री ग्रंथालयाच्या प्रतीने बुडत नाही, आणि वाचकाचे मात्र सर्वस्व बुडू शकते, हा व्यवहार त्यात ओळखला आहे. ‘तीन’ या आकड्यातही शहाणपण आहे. तीन प्रतींत जतन होते. दुकान थाटता येत नाही.

दुर्दैवाने हे कलम पुस्तकांपुरते आहे. त्यात पत्रक, नकाशा, आराखडा, संगीताची स्वरलिपीसुद्धा आहे, पण आज्ञावली नाही. संगणकाची आज्ञावली आपल्या कायद्यात शिरली ती १९८४ च्या दुरुस्तीने, आणि तीही ‘साहित्यकृती’ म्हणून! म्हणजे कादंबरीला जे संरक्षण तेच हिला: कर्त्याच्या मृत्यूनंतर आता साठ वर्षे. १९९० साली तिशीत असलेला कर्ता २०४० पर्यंत जगला, तर त्याच्या आज्ञावलीवरील हक्क २१०० सालच्या अखेरीस संपेल. फ्लॉपीचे आयुष्य दहा-वीस वर्षांचे. साहित्यकृतीचे सगळे हक्क तिला मिळाले. अप्राप्य साहित्यकृतीला ग्रंथालयात मिळणारा आसरा तेवढा मिळाला नाही.

येथे आमच्या पिढीने एक कबुली दिली पाहिजे. १९९० च्या दशकात भोपाळात काय किंवा पुण्यात काय, विकत घेतलेली आज्ञावली दाखवा म्हटले असते तर पुष्कळांची पंचाईत झाली असती. वर्डस्टार, डीबेस, लोटस या मंडळींच्या फ्लॉप्या लग्नपत्रिकांसारख्या घरोघर वाटल्या जात. परदेशातील बड्या कंपन्यांचे त्यात काय बिघडले, असा युक्तिवाद तेव्हा ऐकू येई. पण त्याच हातांनी देवनागरीवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या लहान कंपन्यांचे फाँटही उतरवले गेले. अक्षराचे वळण घडवणे हे महिनोन्‌महिन्यांचे कष्टाचे काम आहे. विंडोजमध्ये घराघरांत पोहोचलेला ‘मंगल’ हा फाँट घडवणाऱ्या प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्यांनी आयुष्ये त्यात घातली. ज्यांचा माल चोरीला जात होता त्यांनी कुलूप शोधून काढले. आज ज्या डोंगलने आपल्या सभासदांच्या आठवणी कोंडून ठेवल्या, त्याच्या जन्माला आमची तेव्हाची सवय पुष्कळ अंशी कारण झाली आहे. म्हणून ‘जुने झाले, आता घ्या’ एवढ्यावर माझे समाधान होत नाही. विकली जात असलेली आज्ञावली फुकट उतरवणे ही तेव्हाही चोरी होती आणि आजही आहे.

पण विकणाराच उठून गेला तर? इंग्रजीत अशा आज्ञावलींना ‘अबँडनवेअर’ असे नाव पडले आहे. कायद्यात या शब्दाला स्थान नाही. वर्डस्टारचेच पाहा. ती काढणारी कंपनी १९९४ साली सॉफ्टकी नावाच्या कंपनीत विलीन झाली. सॉफ्टकीने पुढे लर्निंग कंपनी हे नाव घेतले, आणि १९९९ साली ती बार्बी बाहुल्या विकणाऱ्या मॅटेलने विकत घेतली. वर्डस्टारची अखेरची आवृत्ती १९९२ ची. २०२४ साली रॉबर्ट सॉयर या कॅनेडियन लेखकाने ती आवृत्ती, तिच्या छापील माहितीपुस्तकांसह, सर्वांसाठी खुली केली. आपली पुस्तके तो आजही तीवरच लिहितो. त्याने कोणाची परवानगी घ्यायची होती? बाहुल्यांच्या व्यापाऱ्याची?

उलट ज्यांनी निरोप नीट घेतला त्यांचीही उदाहरणे आहेत. ‘आकृती’ हे देवनागरी फाँट करणाऱ्या सायबरस्केप कंपनीने आपले काही फाँट मुक्त परवान्याखाली सर्वांस खुले केले. मायक्रोसॉफ्टने एम.एस.डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांची मूळ संहिता २०१४ साली कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयामार्फत उपलब्ध केली. ग्रंथपालांना युनेस्कोची सीडीएस/आयसिस ही सूचीकरणाची आज्ञावली आठवत असेल. ती मुळातच ग्रंथालयांना मोफत मिळे आणि आपल्याकडे ‘निस्सात’ या शासकीय योजनेमार्फत तिचा प्रसार झाला. तिच्याबाबत चोरीचा प्रश्नच कधी उद्भवला नाही.

अमेरिकेत अंकीय कुलूप तोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण तेथील काँग्रेसचे ग्रंथपाल दर तीन वर्षांनी त्याला अपवाद जाहीर करतात. २००३ च्या अपवादांत आमचीच कहाणी आहे: डोंगल निकामी झाले असेल आणि ते कालबाह्य असेल, तर आज्ञावली त्यावाचून चालवण्यास मोकळीक. २०१८ साली बाजारात न मिळणाऱ्या आज्ञावलींच्या जतनासाठी ग्रंथालये व संग्रहालये यांना ती अधिक व्यापक मिळाली, मात्र प्रत संस्थेच्या आवाराबाहेर संगणकावरून पाठवायची नाही, या अटीवर. कुलपाचा प्रश्न एका ग्रंथपालाच्या अखत्यारीत यावा, हे मला फार सूचक वाटते.

आपल्याकडे असा अपवाद नाही, तथापि अगदी अंधारही नाही. आज्ञावलीची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला, ती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरती, राखीव प्रत करता येते. २०१२ साली कुलूप तोडण्याविरुद्धचे कलम आले, पण त्यात हक्कभंगाचा हेतू हा शब्द घातला आहे. आपली पेटी विकत घेतलेली होती. पण ती ग्रंथालयाने घेतलेली नव्हती, अक्षरजुळणीकाराने घेतली होती. वकील सभासदांचे यावर एकमत झाले नाही, आणि माझ्यासारख्याने त्यात अधिक बोलणे बरे नव्हे.

माझे मत मी कार्यकारिणीत मांडले ते असे की आज्ञावली आपल्याला आज्ञावली म्हणून नकोच आहे. ती त्या तीन फ्लॉप्यांची किल्ली म्हणून हवी आहे. पुस्तकांच्या कलमातील संयम आपणच आपल्यावर घालून घ्यावा. अज्ञात ठिकाणाहून प्रत उतरवू नये. पेटीतल्या, पैसे मोजलेल्या फ्लॉप्यांवरूनच ती करावी. तीनहून अधिक प्रती नकोत, सभासदांना त्या घरी देणे नको, आणि हक्काचा धनी पुढे आला तर त्याचे म्हणणे प्रमाण मानावे. यावर कोषाध्यक्ष म्हणाले की कुलपाला हात लावण्यापूर्वी निराळी वाट आहे का ते पाहा. स्मरणिकेत छापलेला तिसरा हिस्सा फ्लॉपीवरही आहेच. छापील पान शेजारी ठेवले, तर कोणत्या रोमन खुणेला कोणते मराठी अक्षर हे जुळवून काढता येईल. या सूचनेने आम्ही सगळेच वरमलो. दोन सभासद भगिनींनी सहा आठवडे खपून तक्ता तयार केला आणि सुमारे नऊ दशांश मजकूर कुलूप न तोडता वाचता आला.

उरलेल्या दशांशात जी जोडाक्षरे होती ती छापील पानांत कोठेच आली नव्हती. नेमकी त्यांतच माणसांची आडनावे आणि गावांची नावे अडकलेली. तेव्हा मात्र बहुमताने ठराव झाला, वर सांगितलेल्या अटी त्यात शब्दशः घातल्या गेल्या आणि तरुण अभ्यासकाने मूळ फ्लॉप्यांच्या प्रतीवरील कुलूप काढले. ठरावाला कोषाध्यक्षांचा विरोध नोंदलेला आहे आणि तो इतिवृत्तात तसाच राहावा असे मी सुचवले. नावे लागली. रफार अजूनही अधूनमधून एक अक्षर पुढे उडी मारतो. मुद्रितशोधन चालू आहे.

ठराव होण्याआधीच कंपनीच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर आपण नोंदणीकृत पत्र पाठवले होते. पत्त्यावर कोणी राहत नसल्याच्या टपाल खात्याच्या शेऱ्यासह ते परत आले. न उघडलेले ते पाकीट, निकामी डोंगल आणि तीन प्रती आता एकाच पेटीत आहेत. पेटीला दाखल नोंदवहीत क्रमांक दिला आहे, आणि किल्ली कोषाध्यक्षांकडे आहे.